ज्वारीच्या वावरातला राजाचा कोट

मी बटणं जमवते, हे नव्या माणसाला सांगण्याआधी मी जरा अंदाज घेते. पोस्टाची तिकिटं किंवा जुनी नाणी म्हटलं तर लोक मान डोलावतात. बटणं म्हटलं की ते माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या नवऱ्याकडे बघतात. त्यानं उत्तर तयार करून ठेवलेलं आहे. "दुसरी काही वाईट सवय नाही तिले," असं तो गंभीर चेहऱ्यानं सांगतो, आणि मग चहा येतो.

कुठलीही बटणं मी जमवत नाही. लोहाऱ्याच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी मुलींना शिवणकाम शिकवायचे, तिथं साध्या बटणांचे डबेच्या डबे पडलेले असायचे. एकदा एक बाई तिच्या वडिलांचा शाळेचा कोट उसवून मुलाच्या मापाचा करायला घेऊन आली. कोटाची बटणं पितळी होती. त्यांच्यावर तेवता दिवा होता आणि कडेनं अक्षरं होती, 'सुवर्णमहोत्सव'. शाळेला पन्नास वर्षं झाली तेव्हा मुलांना हे कोट शिवले होते म्हणे. बाईला नवी बटणं हवी होती, तेव्हा जुनी माझ्याकडेच राहिली. त्या संध्याकाळी मी त्यातलं एक बटण बोटात फिरवत बसले आणि माझ्या डोक्यात आलं की मोठ्या लोकांचे सोहळे झाले की मोठ्यांना पदकं मिळतात, आणि बाकीच्यांच्या छातीवर बटणं येतात. पदकं पेटीत जातात. बटणं मात्र रोज लावली जातात, रोज काढली जातात, आणि त्यांच्यावर घाम आणि भाजीचे डाग पडतात. मला ती बटणं जास्त आवडली.

त्यानंतर मी सुटलेच. एका कापड गिरणीच्या रौप्यमहोत्सवाचं बटण मिळालं, त्याच्यावर सुताची चाती होती. स्वातंत्र्य मिळालं तेव्हाच्या कुर्त्याचं चरख्याचं बटण एका भंगारवाल्यानं मला नुसतंच देऊन टाकलं, कारण त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. ही सगळी मंडळी मी मिसळणाच्या जुन्या डब्यात ठेवायचे, एकेका वाटीत एकेक सोहळा. घरात तसाच दुसरा डबा होता, त्यात खरंच मिसळण होतं. एकदा वरणाला फोडणी द्यायची हौस नवऱ्याला आली, आणि कढईत मोहरीऐवजी गिरणीचा रौप्यमहोत्सव पडला. तडतडला नाही, एवढंच.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, बियाण्याची पाकिटं महाग, आणि बोंडात अळी. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव टीव्हीवर येत होतं, आणि ते कशासाठी येतंय हे सगळ्यांना माहीत होतं. गावोगाव गाड्या फिरायच्या. कुणी सर्वे करायचं, कुणी फोटो काढायचं, कुणी नुसतंच हळहळून जायचं. अशा दिवसांत बटणांचं वेड घेऊन फिरताना मलाच कधीकधी कसंतरी व्हायचं. तरी मी फिरायचे. वेड काही बाजारभाव बघून कमी होत नाही.

एकदा शिवणकामाच्या परीक्षेला परीक्षक म्हणून मी घाटंजीला गेले होते. दिवाळीच्या आधीचे दिवस. परीक्षा लवकर आटोपली, आणि बाजाराचा दिवस होता म्हणून मी बाजारात शिरले. एक म्हातारी मिरच्या विकत बसली होती. गिऱ्हाइकाला मोड द्यायला तिनं कमरेचा बटवा काढला, आणि मी जागच्या जागी खाली बसले. बटव्याला पितळी बटण होतं. त्याच्यावर दोन माणसांचे चेहरे होते, एकापुढे एक, आणि वर मुकुट.

इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाची अशी बटणं निघाली होती, हे मी पुस्तकात पाहिलं होतं. आमच्या भागात कधी बघायला मिळालं नव्हतं.

"मावशी, हे बटण कुठलं?"

"बटव्याचं."

"ते दिसलं मला. बटव्याला कुठून आलं?"

"तुमाले मिरची घेनं हाय, का बटन पाह्यनं हाय?"

मी मिरची घेतली. तिनं बटवा पुन्हा कमरेला खोचला. मी आणखी मिरची घेतली, तेव्हा बटवा पुन्हा बाहेर आला आणि मला बटण नीट बघता आलं. तिसऱ्यांदा मिरची मागितल्यावर म्हातारी हसली.

"एवढी मिरची खासान त बिमार पडसान, बाई. बटन पाह्यजे त सांगा ना तसं."

"द्याल का?"

"नाही देत. बजारात बटवा उघडा ठेवू का मी? माह्या भावाकडे हायेत अजून. कोटाले लावेल हायेत. कोट वावरात उभा हाय."

"भाऊ वावरात उभे आहेत?"

"भाऊ घरी हाय," ती सावकाश म्हणाली, जसं लहान मुलाला सांगतात तसं. "कोट उभा हाय."

मला काही कळलं नाही. पण गावाचं नाव विचारून घेतलं, आणि पिशवीभर मिरच्या घेऊन यवतमाळला आले. नवऱ्यानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "बटनं कमी पडली म्हणून आता मिरच्या जमवून राह्यली का?"

पुढच्या रविवारी आम्ही दोघं स्कूटरवरून त्या गावी गेलो. घाटंजीच्या पुढे रस्ता स्कूटरला मानवणारा नव्हता, त्यामुळे थोडं तिनं आम्हाला नेलं आणि थोडं आम्ही तिला. गावात शिरलो तर पारावर माणसं गोळा झाली. माझ्या खांद्यावर शबनम पिशवी, डोळ्यांवर चष्मा. एक बाई धावत घरात गेली आणि कागदांची पिशवी घेऊनच बाहेर आली.

"कोन्या योजनेच्या, मॅडम?"

"योजनेची नाही मी."

"मंग पेपरवाल्या?"

"नाही हो. मी बटणं बघायला आले."

मग मागून कुणीतरी विचारलं, "कायचे बटनं?" मी म्हटलं, "कोटाची." आणि मग हसू फुटलं. आधी एक-दोघं हसले, मग सगळा पार. कागदांची पिशवी घेऊन आलेली बाई तर पिशवी छातीशी धरून हसत होती. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं झालं आल्या, बाई. आमच्या गावात येते तो पह्यले इचारते, घरातलं कोन गेलं. तुमी पह्यल्याच, बटनं इचारनाऱ्या."

तेवढ्यात मिरचीवाली मावशी आली आणि तिनं आम्हाला तिच्या भावाच्या घरी नेलं.

भाऊ सत्तरीच्या आसपासचा, उंच, वाळलेला, पण ताठ. "जय भीम," म्हणून त्यानं खाट टाकली, पाणी दिलं, आणि बहिणीकडून सगळी हकीकत ऐकून घेतली. कापूस परवडत नाही म्हणून त्यानं दोन वर्षांपासून वावरात ज्वारी घातली होती. त्याच्यावर कर्ज नव्हतं. त्यामुळे कुठल्याच सर्वेवाल्यानं त्याला काही विचारलं नव्हतं, याचं त्याला थोडं वाईट वाटत असावं.

"मले कोनी इचारतच नाही," तो म्हणाला. "म्या ज्वारी पेरली ना. चाला, दाखवतो."

कापसाला पाखरांचा त्रास नसतो. ज्वारीचे दाणे दुधावर आले की मात्र राघू थव्यानं उतरतात. वावराच्या मधोमध बुजगावणं उभं होतं. डोक्याच्या जागी मडकं, हात पसरलेले, आणि अंगात काळ्या लोकरीचा, आता लालसर पडलेला कोट. त्या कोटावर गळ्यापासून खाली पितळी बटणांची रांग, आणि ती अशी लखलखत होती की मी डोळ्यांवर हात धरला.

"इतकी कशी चमकतात?"

"घासतो ना आठा दिवसानं. चिच अन् राख. चमकली त राघू भेते."

मी पुढे जाऊन पाहिलं. चिंचेनं आणि राखेनं राजाचं नाक पार गेलं होतं. राणी बरीच शाबूत होती, कारण ती मागच्या बाजूला होती. सगळ्यात वरच्या बटणावर तर दोघंही नव्हते, नुसती गुळगुळीत पितळी चकती राहिली होती. दर आठवड्याला इथं राज्याभिषेक थोडा थोडा पुसला जात होता.

माझा नवरा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "इंग्रज असे घासले असते त लवकर गेले असते."

आम्ही धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसलो, आणि म्हाताऱ्यानं कोटाची गोष्ट सांगितली. त्याचा बाप एका जिनात, म्हणजे सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, फाटकावर राखणदार होता. तिकडे लांब कुणीतरी राजा गादीवर बसला, तेव्हा जिनाच्या मालकानं इकडे पेढे वाटले आणि फाटकावरच्या माणसांना ही बटणं लावलेले कोट शिवून दिले.

"बापाले राजा मालूम नव्हता. पेढे मालूम होते. अन् कोट गरम व्हता, तरी उनाळ्यातबी घालावा लागे. मालकाची मोटार आली का उभं राहून सलाम ठोकनं."

"मग?"

"मंग छप्पनच्या दसऱ्याले नागपूरले गेलते सारे. दीक्षेले. पांढरे कपडे घालून जानं व्हतं, म्हनून कोट खुटीले टांगून गेलता. वापस आला अन् मायले म्हने, आता सलाम ठोकाचा असन त या कोटानं ठोकावा. मी काही जात नाही फाटकावर. नाहीच गेला. दुसऱ्याच्या वावरात राबला, पन फाटकावर नाही गेला."

अशी बटणं मागच्या कडीत वाळा, म्हणजे तारेचं छोटं कडं, घालून अडकवलेली असतात. जुन्या वर्दीची अशीच असायची, म्हणजे धुवायला देताना ती काढून घेता येत. तेव्हा कात्री लागणार नव्हती, नुसता वाळा ओढला की बटण हातात आलं असतं. मी तसं सुचवून पाहिलं.

"आता नाही," म्हातारा म्हणाला. "ज्वारी घरी आल्यावर पाहू. तवरोक राजा ड्यूटीवर हाय."

"पण तोपर्यंत तुम्ही अजून कितीदा घासाल! दुसरा कोट आणून दिला तर?"

त्यानं विचार केला. "चमकला पाह्यजे. अन् असातसा नाही चालत. राघू कपडा वळखते."

मला राघूंना चालेल असा कोट पाहिजे होता. येताना स्कूटरवर मी काही बोलले नाही, आणि मी बोलत नाही म्हणजे काहीतरी शिजतंय हे नवऱ्याला चांगलं कळतं. घरी आल्या आल्या मी लोखंडी कपाट उघडून त्याचा लग्नातला सूट बाहेर काढला. निळा, चमकदार, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा.

"तो नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला होत नाही आता."

"होते."

त्यानं घालून दाखवला. हात गेले. पुढचं बटण मात्र आणि त्याचं काज एकमेकांपासून इतके लांब राहिले की जणू बोलणंच नव्हतं दोघांचं. त्यानं श्वास आत ओढला, पोट आत घेतलं, आणि आरशात माझ्याकडे बघून श्वास सोडला. मी हसले नाही. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर कुठं हसू नये हे बाईला कळतं.

"एका अटीवर," तो म्हणाला. "त्याले घालून द्याले मी सोता येईन."

दुसऱ्या दिवशी मी सूट वर्गावर नेला. मुलींना सांगितलं की हा बुजगावण्यासाठी आहे, त्याला चमकवा. आधी त्यांना वाटलं मी चिडून बोलते आहे. मग त्यांना इतका हुरूप आला की त्या दिवशी कुणी ब्लाउजला हात लावला नाही. छातीवर सोनेरी बटणांच्या रांगा लागल्या. तांड्यावरून येणाऱ्या एका मुलीनं कॉलरवर गोल आरसे टाचून दिले, तिची आई घागऱ्याला लावते तसे. सूट तयार झाला तेव्हा तो सर्कसमधला असावा किंवा एखाद्या संस्थानिकाचा, असा दिसायला लागला होता.

रविवारी आम्ही पुन्हा गेलो. यावेळी पारावरचे लोक आमच्या मागोमाग वावरात आले. नवऱ्यानं जुना कोट हलकेच उतरवला, नवा चढवला, खांदे नीट केले, बाही ओढली. मग खिशातून टाय काढला. टाय आणल्याचं मलाही सांगितलं नव्हतं. मडक्याखाली टायची गाठ बांधताना तो इतका गंभीर होता की लोकांचं हसू हळूहळू थांबलं. दोन पावलं मागे सरून त्यानं पाहिलं.

"माह्यापेक्षा चांगला दिसते," तो म्हणाला.

थवा आला होता. राघूंनी वावरावर एक चक्कर मारली, आरशांची तिरीप त्यांच्या अंगावर गेली, आणि सगळे शेजारच्या कडुनिंबावर जाऊन बसले. तिथं त्यांची चर्चा सुरू झाली. म्हाताऱ्यानं मान हलवली. कोट पास झाला होता.

आम्ही त्या कडुनिंबाखाली चहा पीत बसलो असताना रस्त्यावर एक जीप थांबली. मागं पाटी होती, ती आम्हाला वाचता आली नाही. आतून एक तरुण साहेब उतरला, वावरात सुटाबुटातलं कुणी उभं आहे असं पाहिलं, आणि गडबडला. त्याच्या आधीच कुणी वरचा साहेब मुंबईहून येऊन पाहणी करतो आहे, असं त्याला वाटलं असावं. त्यानं गॉगल काढून खिशात ठेवला, शर्ट आत खोचला, आणि पायाखालची ढेकळं तुडवत ज्वारीतून निघाला.

"सर! सर, आपण येणार असल्याचं आम्हाला कळवलं नाही कुणी!"

हसावं की हाक मारावी आम्हाला कळेना. साहेब अजून थोडा जवळ गेला आणि हात जोडून उभा राहिला.

"सर?"

"ते बोलत नाहीत, सायेब," म्हातारा बसल्या जागेवरून म्हणाला. "आजच रुजू झाले."

तो साहेब बिचारा चांगला होता. मडकं दिसल्यावर आधी तो लालबुंद झाला, मग स्वतःच खो खो हसायला लागला, आणि येऊन आमच्यात बसला. मावशीनं त्यालाही चहा दिला. बराच वेळ तो त्या सुटाकडे बघत होता. मग त्यानं म्हाताऱ्याला विचारलं, "काय पेरलं यंदा, काकाजी?"

म्हाताऱ्यानं आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. अखेर विचारलं होतं कुणीतरी. मग त्यानं ज्वारीचं बियाणं कुठलं, कुणाकडून आणलं, कणीस कसं भरलं, भाकरी कशी होते, हे सगळं इतक्या तपशिलात सांगितलं की जीपच्या ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला.

साहेब गेल्यावर म्हातारा जुना कोट मांडीवर घेऊन बसला आणि एकेक वाळा ओढून बटणं काढायला लागला. प्रत्येक बटण धोतराला पुसून माझ्या हातात द्यायचा. मी पैशाचा विषय काढायला तोंड उघडलं, तर मावशीनंच मला कोपरानं ढोसलं, म्हणून गप्प बसले. शेवटी वरचं ते गुळगुळीत बटण राहिलं. ते त्यानं दिलं नाही.

"हे माह्याजवळ राहू द्या."

मला ते नकोच होतं खरं तर. जमवणाऱ्याच्या दृष्टीनं त्यात काही उरलं नव्हतं. पण मी विचारलं, "हेच का?"

"याच्यात राजा नाही राह्यला आता," तो म्हणाला. "नुसतं बापाचं राह्यलं."

आणि ते त्यानं बंडीच्या खिशात टाकलं.

घरी आल्यावर मी मिसळणाच्या डब्यात एक वाटी रिकामी केली. आता तिथं चरख्याशेजारी नाक नसलेला राजा आणि त्याच्यामागे शाबूत राणी. आजही कुणी पाहायला आलं की मी ती बटणं आधी दाखवते, आणि राजाचं नाव न सांगता फाटकावरच्या माणसाची गोष्ट सांगते. बहुतेक लोक ऐकून घेतात.

ज्वारी चांगली आली. संक्रांतीच्या सुमाराला मावशी घाटंजीच्या बसनं एक पिशवी घेऊन आली, आणि मी तिच्यासमोरच भाकरी थापायला घेतल्या, तिच्याच मिरचीच्या ठेच्याबरोबर खायला. जेवता जेवता ती म्हणाली की गावात आणखी चौघांनी पुढच्या हंगामाला ज्वारी घालायचं ठरवलं आहे, आणि सगळ्यांना भावाच्या वावरातल्यासारखाच सायेब पाहिजे.

नवरा ताटावरून उठला. मला वाटलं हात धुवायला गेला. मग आतून लोखंडी कपाटाला कुलूप लागल्याचा आवाज आला.

"सफारी आहेत आत," मी मावशीला सांगितलं. "दोन."

"काही हरकत नाही," मावशी म्हणाली, आणि तिनं आणखी एक भाकरी मागून घेतली.